परदेशी कंपनीबरोबर मिळून अर्ज केला तर सरकारी ग्रँट खरंच मिळते का? (रबाळे, प्लेटिंगवाला)

निकेलवाला_रबाळे

नमस्कार मंडळी, इथे वाचतो खूप पण लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

रबाळे एमआयडीसीत आमचा प्लेटिंगचा (धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवायचा) गाळा आहे, निकेल आणि झिंक, मला धरून नऊ माणसं. बाबांनी सुरू केलेला. या धंद्यातल्यांना माहितीये, जॉब (म्हणजे मुलामा द्यायची वस्तू) निकेलच्या टाकीतून वर काढला की त्याला चिकटून थोडं द्रावण बाहेर येतं, पुढच्या रिन्सच्या टाकीत ते धुतलं जातं आणि तिथून ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) जातं. म्हणजे पैसे मोजून आणलेलं निकेल आपणच धुवून टाकायचं, मग त्याचा स्लज (गाळ) झाला की तो तळोज्याला घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायला परत पैसे मोजायचे. दोन्हीकडून मार.

तर मी आणि माझा मेव्हणा (तो इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला) अडीच वर्षं रविवारी बसून एक युनिट बनवलंय. रिन्सचं पाणी रेझिनच्या (धातू पकडणाऱ्या मण्यांच्या) कॉलममधून जातं, निकेल रेझिनला धरून राहतं, पाणी परत टाकीत येतं. रेझिन भरलं की सल्फ्युरिक ॲसिडने धुवायचं, निकेल सल्फेट सुटतं, ते परत प्लेटिंगच्या टाकीत. हे काही आमचं नाही, मोठ्या कंपन्यांत कधीपासून आहे. आमचं काय आहे तर त्याचा कंट्रोलर. छोट्या शॉपमध्ये सकाळी बिजागऱ्या, दुपारी नळाचे पार्ट, संध्याकाळी कुणाचा तरी अर्जंट बॅरल, दर तासाला पाण्याचा नूर बदलतो, त्यात मोठ्यांचं मशीन गोंधळतं आणि परवडतही नाही. आमचं युनिट कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते) बघून स्वतः ठरवतं पाणी किती सोडायचं आणि कॉलम कधी धुवायचा. गाळ्यातली पोरं त्याला डबा म्हणतात, आता मीपण डबाच म्हणतो. निकेल लाइनला आधी दिवसाला ४,००० लिटर ताजं पाणी लागायचं, आता मीटरवर ११०० च्या आसपास दिसतं.

वाशीला सिडकोच्या सेंटरमध्ये एक प्रदर्शन होतं, तिथे कोपऱ्यात छोटा स्टॉल घेतला होता. स्वीडनचा एक माणूस आला, चौदा जणांची कंपनी आहे म्हणाला, सेन्सर बनवतात, तासभर उभा होता. आता त्याचा मेल आलाय की आपण दोघं मिळून प्रोजेक्ट करू, छोट्या कंपन्यांनी पर्यावरणाचं काही नवीन केलं आणि दोन देशांतल्या कंपन्या एकत्र आल्या तर दोन्हीकडची सरकारं मदत करतात.

इकडे ठाण्यातला एक कन्सल्टंट म्हणतो युरोपचा फंड आहे, डायरेक्ट खात्यात युरो येतात, अर्ज मी करतो, आधी पावणेदोन लाख आणि मिळाले की वर दहा टक्के. बायको म्हणते विचारून बघ कुठेतरी, म्हणून विचारतोय. असं काही असतं का? आमच्यासारख्याला मिळतं का? कुणी केलंय का?

घोडबंदर_गप्पिष्ट

आधी पावणेदोन लाख म्हणाला ना, मग पळा. बाकीचं जाणकार सांगतील.

प्रोजेक्टवाला_ऐरोली

दादा, डबा आवडला. मी या भानगडीतून एकदा गेलोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी हे डोक्यात फिट करा की पैसा सीमा ओलांडत नाही. स्वीडनचं सरकार स्वीडनच्या कंपनीला देणार, आपलं सरकार तुम्हाला देणार. प्रोजेक्ट एक, परीक्षा दोन ठिकाणी, आणि दोघांनी पास केलं तरच पास. त्याच्याकडे नापास झालात की तुम्ही इथे पहिले आलात तरी उपयोग नाही. त्यामुळे खात्यात युरो येणार म्हणणाऱ्याला एक तर काही माहीत नाही किंवा सगळं माहितीये आणि तुम्हाला बनवतोय.

तो बहुतेक दोन गोष्टींची खिचडी करतोय. एक यूरोस्टार्स. युरेका नावाचं नेटवर्क १९८५ पासून आहे, त्यांचा हा प्रोग्राम, खास छोट्या कंपन्यांसाठी, किमान दोन देशांतल्या दोन स्वतंत्र कंपन्या हव्यात, जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रोजेक्ट. कॅनडा आहे त्यात, दक्षिण कोरिया आहे, भारत नाही. म्हणजे तुम्ही त्यात गेलात तर आपल्या खर्चाने. दुसरं होरायझन युरोप, २०२१ ते २०२७ चा मोठा कार्यक्रम. त्यात भारतीय संस्था भागीदार होऊ शकते पण युरोपचा पैसा आपोआप मिळत नाही. २०२५ च्या मे महिन्यात युरोप आणि भारताने दोन विषयांवर एकत्र कॉल (म्हणजे अर्ज मागवायच्या जाहिराती) काढले, समुद्रातला प्लास्टिक कचरा आणि कचऱ्यापासून हायड्रोजन, मिळून ३९१ कोटी वगैरे बातमी आली होती. त्यातसुद्धा भारतीय बाजूचे पैसे आपल्याच मंत्रालयांचे. तुमचा डबा या दोन्हींत बसत नाही, सोडा ते.

तुमच्या कामाचं आहे ते देशादेशांमधलं. स्वीडनबरोबर आपल्या डीएसटीचं (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं) जमतं, तिकडची एजन्सी विनोव्हा (विनोबा नव्हे, मी पहिल्या मीटिंगला विनोबाच म्हटलं होतं). एप्रिल २०१८ ला पंतप्रधान स्टॉकहोमला गेले होते तेव्हा इनोव्हेशन पार्टनरशिप जाहीर झाली, त्यातून स्मार्ट सिटी, क्लीन टेक असे विषय घेऊन कंपन्यांसाठी जॉइंट कॉल निघाले. आपल्याकडे असे बरेच कॉल गीटा नावाच्या संस्थेने सांभाळलेत, केंद्र सरकारचं टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड आणि सीआयआय (उद्योगांची संघटना) मिळून ती काढलीये. जर्मनीबरोबर आयजीएसटीसी (दोन्ही देशांचं विज्ञान-तंत्रज्ञान केंद्र) आहे, २०१० पासून, गुरुग्रामला ऑफिस, त्यांचं टू प्लस टू म्हणजे दोन्हीकडून एक कंपनी आणि एक संशोधन संस्था. इस्रायलबरोबर २०१७ ला चार कोटी डॉलरचा फंड ठरला होता, निम्मे त्यांचे निम्मे आपले, पाणी हा त्यात मुख्य विषय. पण हे दुकान रोज उघडं नसतं हे लक्षात घ्या. कॉल निघतो, दोनतीन महिने असतो, बंद होतो, पुढचा कधी ते देव जाणे. त्या स्वीडिश माणसाला सरळ विचारा तू कुठल्या कॉलबद्दल बोलतोयस, नाव आणि शेवटची तारीख दे. नसेल सांगता आलं तर तोपण ऐकीव माहितीवर चाललाय.

आता माझं रडगाणं. देश सांगत नाही. आमची सेन्सरचीच छोटी कंपनी, तिकडची पण तेवढीच. अर्ज केल्यापासून मंजुरीचं पत्र हातात यायला चौदा महिने. पहिला हप्ता आला, दोन माणसं घेतली, काम रुळावर आलं आणि आठव्या महिन्यात तिकडची कंपनी कुणीतरी विकत घेतली. नवीन मालकाने एका ओळीचा मेल टाकला की हा विषय आता आमच्या प्राधान्यात नाही. भागीदार गेला म्हणजे प्रोजेक्ट गेला, दुसरा हप्ता आलाच नाही, आणि जी दोन माणसं घेतली होती त्यांचा पगार मी वर्षभर खिशातून दिला कारण कुठल्या तोंडाने जा म्हणणार. आमच्या करारात कंपनी विकली गेली तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं. बावीस पानं होती हो त्या करारात.

निकेलवाला_रबाळे

बापरे. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, थँक्यू दादा. मी त्याला मेल टाकतो कॉलचं नाव विचारून.

एक शंका, आमची फर्म प्रोप्रायटरशिप (एकाच मालकाची) आहे, उद्यममध्ये (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) सूक्ष्म म्हणून नोंद आहे. चालेल का?

आकडेमोड_कळवा

सीए आहे, ठाण्यात प्रॅक्टिस, तीन क्लायंटची असली प्रकरणं केलीत म्हणून बोलते.

प्रोप्रायटरशिपवर अडणार. अशा कॉलमध्ये कंपनी कायद्याखालची कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) मागतात, वर निम्म्याहून जास्त मालकी भारतीय हवी. आहे तोच धंदा नवीन नावाने कंपनीत टाकून स्टार्टअपचं सर्टिफिकेट काढू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, जुना धंदा तोडून किंवा फिरवून बनवलेल्या कंपनीला ती मान्यता मिळत नाही, नियमातच लिहिलंय. तुम्ही आणि मेव्हणे मिळून डब्यासाठी खरोखर वेगळी कंपनी काढली, प्लेटिंगचा धंदा बाबांच्या फर्ममध्ये तसाच राहिला, तर गोष्ट वेगळी. पण मग डबा कुणाचा, फर्मचा की तुम्हा दोघांचा, हे आधी कागदावर आणा. मेव्हणा आहे म्हणून तर जास्तच आणा.

आता लोकांना ग्रँट म्हटलं की फुकट वाटतं, तसं नसतं. कंपनीला साधारण खर्चाच्या निम्म्यापर्यंत मिळतं, निम्मे तुमचे. समजा प्रोजेक्ट ८० लाखांचा, तर ४० तुम्ही उभे करायचे, आणि सरकारचे ४० एकदम येत नाहीत, हप्त्याने येतात, पहिला खर्च दाखवल्याशिवाय दुसरा नाही. वेगळं बँक खातं, प्रत्येक बिल, शेवटी यूटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च केले त्याचा दाखला), त्याचा फॉर्म जीएफआर १२-ए, तो आम्हीच सही करतो आणि तो चुकला की हप्ता लटकतो. माझा एक क्लायंट मार्चअखेर आठवडाभर झोपला नव्हता, कारण त्याने प्रोजेक्टच्या खात्यातून ऑफिसचं लाइट बिल भरलं होतं. तीन हजार सातशे रुपये. त्यासाठी मी खुलासा किती पानी लिहिला ते विचारू नका.

नऊ माणसांच्या गाळ्यात ४० लाख अडकवून दीड वर्ष बसायची ताकद आहे का, हा हिशोब आधी करा. स्वीडन नंतर.

आणि टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड, १९९६ चं, ते परदेशी भागीदाराशिवायही देतं, पण ते मुख्यतः कर्ज असतं, प्रोजेक्टच्या निम्म्यापर्यंत, ५ टक्के सरळ व्याजाने. बँकेच्या व्याजापुढे ते स्वस्तच. कंपनी मात्र तिथेही लागते.

पेटंटवाली_नौपाडा

सगळे पैशाबद्दल बोलताय, मला एक सांगा, प्रदर्शनात डबा मांडला होता तो उघडा की बंद?? त्या माणसाने तासभर नक्की काय बघितलं? फोटो काढले का? आणि पेटंटचा अर्ज आधी टाकला होता का?

निकेलवाला_रबाळे

ताई, पेटंटचं काहीच केलेलं नाही 🙈

डबा बंदच होता. खरं सांगू का, आदल्या दिवशी टेम्पोतून नेताना खालच्या कॉलमचा जोड हलला आणि थेंब थेंब गळत होता म्हणून झाकण बंद करून आत फडकं कोंबलं होतं. त्याला समोरचा डिस्प्ले आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दाखवले. कंट्रोलर कसा ठरवतो ते विचारत होता, मेव्हण्याचं इंग्लिश यथातथाच त्यामुळे फार काही सांगता आलं नाही.

पेटंटवाली_नौपाडा

ते फडकं आणि ते इंग्लिश, दोघांनी तुम्हाला वाचवलं असं समजा 😄

गंमत नाही करत. आपल्याकडे प्रदर्शनात आधी मांडलं तरी चालतं अशी सूट कायद्यात आहे, कलम ३१, पण ती सरकारने राजपत्रात नोंदवलेल्या प्रदर्शनांनाच आणि बारा महिन्यांपुरती. युरोपात तर ती सूट जवळपास नाहीच धरा, अर्जाच्या आधी आतलं तंत्र चारचौघांत उघड केलं की नवीनपणा गेला. तुमचं आतलं कुणी बघितलेलं नाही, कसं चालतं ते सांगितलेलं नाही, म्हणजे अजून वेळ आहे. तो स्टॉलचा व्हिडिओ वगैरे यूट्यूबवर टाकला नाहीत ना? आणि तुमची वरची पोस्ट, त्यात तुम्ही कंडक्टिव्हिटी एवढंच लिहिलंय ते ठीक आहे, याच्यापुढे इथे एक अक्षरही लिहू नका, कुणी कौतुकाने विचारलं तरी.

प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका. उद्यम नोंदणी असलेल्यांना सरकारी फी ऑनलाइन १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला तीच ८,००० पडते. वकिलाची वेगळी. तारीख एकदा पक्की झाली की पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. प्लेटिंग आणि रेझिन जुनं आहे म्हणून त्यावर भांडू नका, तुमचा ठरवायचा जो प्रकार आहे तो मशीनला जोडून मांडावा लागेल, नुसता सॉफ्टवेअर म्हणून लिहिलात तर कलम ३ मध्ये (पेटंट कशाला मिळत नाही त्या यादीत) अडकेल.

आता स्वीडनवाला. तो म्हणेल आपण मिळून आमच्याकडे अर्ज टाकू, पटकन होतो. नाही म्हणायचं. भारतात राहणाऱ्याने आपला शोध आधी इथे टाकून सहा आठवडे थांबायचं किंवा पेटंट ऑफिसची लेखी परवानगी घेऊन बाहेर जायचं, कलम ३९. दोन देशांच्या प्रोजेक्टमध्ये हे हमखास विसरलं जातं, कारण दोघंही घाईत असतात. आणि करारात दोन याद्या करा, प्रोजेक्टच्या आधीपासून कुणाचं काय आहे ती एक, प्रोजेक्टमध्ये नवीन काय होईल ते कुणाचं ती दुसरी. डबा पहिल्या यादीत तुमच्या नावावर आला पाहिजे. ऐरोलीच्या दादांनी सांगितलेलं कंपनी विकली तर काय, तेपण त्याच करारात.

वागळे_इस्टेट_जुना

वाचतोय मगापासून. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं वागळेला शेड होती, आता मुलगा बघतो. माझं मत कुणाला आवडणार नाही.

स्वीडन कशाला? डबा तुझ्या एकट्याच्या गाळ्यात चालतो. एका ठिकाणी चालला म्हणजे काही सिद्ध झालं नाही रे बाळा. तुझं पाणी तुला माहीत, तुझी पोरं तुझी. तुर्भे, पवने, रबाळे, एवढी प्लेटिंगची शॉप आहेत तिथे, त्यातल्या तीन ठिकाणी नेऊन लाव, सहा महिने फुकट चालव, कुठे बंद पडतो ते बघ. कामगार बायपास मारतो (पाणी डब्यात न जाऊ देता बाहेरून सोडतो) की नाही ते बघ. आमच्या शेडमध्ये वीज वाचवणारं यंत्र बसवलं होतं, छान होतं, रात्रपाळीचा माणूस रोज त्याचा स्विच बंद करायचा कारण त्याची शिट्टी त्याला झोपू देत नव्हती. सहा महिन्यांनी कळलं.

सरकारचंच हवं तर इथलं छोटं बघ आधी. झेड सर्टिफिकेट (छोट्या उद्योगांसाठी दर्जा आणि पर्यावरणाचं सरकारी प्रमाणपत्र) घे, त्यातल्या पहिल्या पायरीची म्हणजे ब्राँझची फी दहा हजार, सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट म्हणजे दोन हजारात होतं. हरित यंत्रासाठी कर्ज घेतलंस तर एमएसई गिफ्ट म्हणून स्कीम आहे, व्याजात २ टक्के सवलत, ती तुझ्यापेक्षा तुझ्या गिऱ्हाइकाला उपयोगी, डबा विकताना त्याला सांग. जिल्हा उद्योग केंद्रात जा, वागळेलाच टीसा म्हणजे आमची लघुउद्योगांची संघटना आहे, तिथे बसणाऱ्यांना विचार. चहा फुकट मिळतो.

प्रोजेक्टवाला_ऐरोली

काका, तीन शॉपचं शंभर टक्के पटलं. पण स्वीडन कशाला हे नाही पटलं. इथल्या स्कीम यंत्र विकत घ्यायला आहेत, नवीन काही शोधायला फार थोड्या. यांचा कंट्रोलर चांगला आहे पण सेन्सर? निकेलच्या पाण्यात स्वस्तातला प्रोब (पाण्यात बुडवायचा सेन्सर) किती दिवस टिकतो ते निकेलवालेदादाच सांगतील. तिकडच्याकडे सेन्सर आहे, यांच्याकडे रोज बदलणारं घाणेरडं पाणी आहे, जे त्याला स्टॉकहोमच्या लॅबमध्ये मिळणार नाही. तो तासभर उगाच उभा नव्हता.

निकेलवाला_रबाळे

प्रोबबद्दल बरोबर पकडलंत. पाच ते सहा आठवडे, मग आकडा वेडावाकडा दाखवतो, काढून साफ करायचा, दोनतीनदा केलं की नवीन. तेच आमचं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि खरं तर म्हणूनच मला त्या माणसात इंटरेस्ट होता.

काका, शिट्टीवाल्या यंत्राची गोष्ट वाचून पोटात गोळा आला कारण आमच्याकडेही बायपास व्हॉल्व्ह आहे आणि तो मी कधी तपासला नव्हता. काल रात्री साडेअकराला अचानक गाळ्यावर गेलो. बंद होता, म्हणजे कुणी पाणी वळवलेलं नव्हतं. पण त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातला होता.

अजून एक, आमचं एक गिऱ्हाईक बोल्ट बनवून युरोपात पाठवतं, जानेवारी २०२६ पासून तिकडचं सीबॅम (आयात मालाच्या कार्बनवरची आकारणी) पक्कं लागू झालं तसा तो आमच्याकडे महिन्याचे विजेचे युनिट मागायला लागलाय, उद्या पाण्याचेही मागेल असं वाटतं. त्यामुळे काका, तुर्भेवाले फुकट लावून घ्यायला तयार होतील कदाचित.

आकडेमोड_कळवा

त्या बोल्टवाल्याकडून एक पत्र घ्या, त्यांच्या लेटरहेडवर, की तुमचं युनिट चाललं तर आम्ही आमच्या प्लेटिंगवाल्यांकडे लावायला सांगू. अर्ज तपासणारे विकत कोण घेणार हे सगळ्यात आधी बघतात आणि नव्वद टक्के अर्जांत तिथे फक्त बाजारपेठेचे मोठे आकडे असतात, नाव एकही नसतं. (नव्वद टक्के हे माझ्या टेबलावर आलेल्यांपैकी, बाकी दुनियेचं माहीत नाही.)

घोडबंदर_गप्पिष्ट

कन्सल्टंटचं काय झालं ते सांगा ना राव.

निकेलवाला_रबाळे

त्याला फोन केला आणि विचारलं कुठला कॉल, तर म्हणाला कॉल मी करतो तुम्ही टेन्शन घेऊ नका 😂 मग मी पण टेन्शन घेतलं नाही.

स्वीडनवाल्याचं उत्तर आलं, प्रामाणिक वाटला. आत्ता कुठलाच कॉल चालू नाही म्हणतो, आधी भारताबरोबर निघालेला त्याने बघितला होता आणि तसा परत निघेल या आशेवर भागीदार शोधून ठेवतोय. मी कळवलंय की पेटंटचा अर्ज जाईपर्यंत तांत्रिक काही बोलणार नाही, तोपर्यंत त्याने दोन प्रोब पाठवावेत, आमच्या टाकीत बुडवून ठेवतो आणि किती आठवडे टिकतात ते दोघं लिहून ठेवू. हो म्हणाला, फक्त कस्टम ड्युटी कोण भरणार यावर आता मेलामेली चाललीये.

नौपाड्याच्या ताई, शनिवारी येऊ का मेव्हण्याला घेऊन? आणि काका, तुर्भ्यात तुमच्या ओळखीचं निकेलचं शॉप असेल तर मेसेज करा. जोड बदललाय, आता गळत नाही.

वागळे_इस्टेट_जुना

दोन आहेत. एक पैशाला चिकट आहे पण पाणी फार वापरतो, त्याच्याकडे आधी जा. माझं नाव सांगू नकोस, माझं त्याच्याकडे येणं आहे.